तीन डिझेल पिकअप आणि १४ हजार पौंडांचा ट्रेलर: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

गाड्या अशा: २०२३ ची फोर्ड एफ-३५० (६.७ लिटर पॉवर स्ट्रोक, हाय आउटपुट), २०२४ ची शेवरले सिल्व्हराडो ३५०० एचडी (६.६ लिटर ड्युरामॅक्स) आणि २०२३ ची रॅम ३५०० (६.७ लिटर कमिन्स हाय आउटपुट, आयसिनचा गिअरबॉक्स). तिन्ही क्रू कॅब, फोर बाय फोर, मागे एकेरी चाकं. काम एकच: गूसनेक ट्रेलरवर (पिकअपच्या हौद्यातल्या बॉलवर अडकणारा ट्रेलर) स्किड स्टीअर (छोटा लोडर) किंवा मिनी एक्स्कॅव्हेटर चढवून कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरात न्यायचा आणि परत आणायचा. या रस्त्यावर आयझेनहॉवर बोगदा लागतो, सुमारे ११,१५८ फूट उंचीवर. बोगद्यापासून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. गाडीचं खरं रूप कळायला ही जागा पुरते.

आधी ताकदीचे आकडे, कारण पहिला प्रश्न तोच असतो. फोर्ड ५०० हॉर्सपॉवर आणि १,२०० पौंड-फूट टॉर्क, म्हणजे १,६२७ न्यूटन मीटर. रॅम ४२० आणि १,०७५ (१,४५८ न्यूटन मीटर). शेवरले ४७० आणि ९७५ (१,३२२ न्यूटन मीटर). भारतात विकल्या जाणाऱ्या ऑटोमॅटिक हायलक्सचा टॉर्क ५०० न्यूटन मीटर आहे, त्यावरून अंदाज यावा. १४,००० पौंड (६,३५० किलो) मागे असताना यातली एकही गाडी कमी पडत नाही. फोर्ड चढावर उरलेल्या दोघींच्या पुढे जाते हे खरं, पण पुढे ट्रकांची रांग असताना त्या जास्तीच्या टॉर्कचा उपयोग मोजकाच. ताकदीवरून निवड करणाऱ्यांनी आधी ड्रायव्हरचं दार उघडून आतल्या खांबावरचं स्टिकर वाचावं.

त्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. जाहिरातीतला टोइंगचा आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या, सगळ्यात सोयीच्या गाडीचा असतो. स्टिकर तुमच्या गाडीचं असतं. गूसनेक ट्रेलरच्या वजनाचा साधारण २० टक्के भार थेट पिकअपच्या हौद्यात येतो. १४,००० चे २० टक्के २,८०० पौंड. त्यात दोन माणसं आणि हत्यारं ५०० धरा, बॉल आणि टूलबॉक्स २००. झाले ३,५००. एक पायरी खालच्या डिझेल २५०० किंवा एफ-२५० क्रू कॅबचं स्टिकर बहुतेक वेळा २,००० ते २,४०० पौंड दाखवतं. म्हणजे इंजिन तेच असलं तरी हा ट्रेलर त्या गाडीचा नाही. रॅम २५०० ला तर मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी असताना बसायला छान, पण भार पडला की मागून लवकर बसते. सनरूफ, चामड्याच्या सीट, पॉवर पायऱ्या, हे सगळं त्याच स्टिकरमधून वजा होतं. बंपरखालच्या बॉलवर ओढायचा साधा ट्रेलर असेल तर तिथे १० ते १५ टक्के भार धरावा. दहाच्या खाली गेलात तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि तो डुलायला लागल्यावर गाडीतली ताकद वाचवायला येत नाही.

धंद्यासाठी ओढणाऱ्यांनी आणखी एक बेरीज करावी. गाडी आणि ट्रेलर यांचं ठरवून दिलेलं कमाल वजन मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त होत असेल आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल, तर चालकाला क्लास ए सीडीएल, म्हणजे जड गाड्यांचा व्यावसायिक परवाना, लागतो. १४ हजारी ट्रेलर इतके खपतात त्यामागे हे मोठं कारण आहे. पण नव्या एक टनी (३५०० आणि एफ-३५० वर्गातल्या) गाड्यांपैकी काहींचं स्वतःचं रेटिंग १२,००० च्या वर गेलंय. १२,३०० ची गाडी आणि १४,००० चा ट्रेलर म्हणजे २६,३००, आणि ट्रेलर रिकामा असला तरी तुम्ही हद्दीबाहेर. ऑर्डर देतानाच जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे गाडीचं हे ठरवून दिलेलं कमाल वजन, विचारा. फोर्डमध्ये कमी रेटिंगचं पॅकेज मिळतं. हिवाळ्यात याच रस्त्यावर आणखी एक नियम: १ सप्टेंबर ते ३१ मे, डॉट्सेरो ते मॉरिसन या पट्ट्यात व्यावसायिक गाड्यांना साखळ्या जवळ ठेवाव्याच लागतात.

पहिल्यांदा लोड केल्यावर ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जावं. पुढची चाकं एका पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. ट्रेलरसकट एकदा वजन घ्यायचं, मग तो सोडून फक्त गाडीचं. गाडीच्या दोन्ही वजनांतला फरक म्हणजे हौद्यातला खरा भार. जास्त निघाला तर मशीन ट्रेलरवर मागे सरकवायचं, कमी निघाला तर पुढे. ज्या जागी वजन बरोबर आलं तिथे ट्रेलरच्या कडेला रंगाची खूण करून ठेवली की रोजचं काम सोपं.

चढाचं थोडक्यात सांगतो. फोर्ड आणि शेवरले दोन्हींना दहा गिअर, त्यामुळे इंजिन हव्या त्या आरपीएमला राहतं. शेवरलेचा टॉर्क तिघांत कमी असला तरी गिअर इतके नेमके पडतात की गाडीत बसून फरक कमी वाटतो. रॅमला आयसिनचे सहाच. एक गिअर खाली आला की आरपीएमची उडी जाणवते, आवाजही जास्त. मात्र सरळ सहा सिलिंडरचं इंजिन कमी आरपीएमला ज्या निवांतपणे ओढतं ते व्ही-८ मध्ये मिळत नाही. ट्रेलरसकट तिघींचं अॅव्हरेज गॅलनला ९ ते १० मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण चार किलोमीटर. समोरून वारा असला तर तेही नाही.

उतार हा माझ्या लेखी महत्त्वाचा मुद्दा, आणि इथे रॅम सरस. तिघींनाही टर्बोच्या पात्यांवर चालणारा एक्झॉस्ट ब्रेक आहे, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनच गाडीला रोखतं. रॅमचं बटण एकदा दाबलं की पिवळा दिवा, पूर्ण ब्रेक. परत दाबलं की हिरवा, म्हणजे ऑटो, वेग धरून ठेवणारा. टो-हॉल (ओझं ओढतानाचा गिअर मोड) आणि हिरवा दिवा, एवढ्यावर सिल्व्हरथॉर्नचा उतार पायाने ब्रेक फारसा न लावता उतरतो. फोर्डचा ऑटो मोडही चांगला आहे, फक्त गिअर खाली आणायला तो कधी कधी ब्रेकच्या एका दाबाची वाट पाहतो. शेवरले सौम्य आहे. तिथे उतार सुरू होण्याआधीच गिअर हाताने खाली आणावा. तिन्ही गाड्यांत पद्धत एकच: ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम ब्रेक मारून पाच मैलांनी खाली आणायचा आणि पाय काढायचा. सतत घासलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक अर्ध्या उतारावर धरेनासा होतो.

ट्रेलरच्या ब्रेकचा गेन, म्हणजे ते किती जोराने लागावेत ती पातळी, सेट न करता निघणारे फार दिसतात. कोरड्या, सपाट रस्त्यावर, भरलेल्या ट्रेलरसह, ताशी २०–२५ मैलांवर कंट्रोलरची हाताची पट्टी पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत गेन वाढवत न्या, मग थोडा कमी करा. ट्रेलर रिकामा केला की परत सेट करावा लागतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक (विजेच्या इशाऱ्यावर तेलाच्या दाबाने लागणारे) ब्रेक असतील तर मेनूत तो प्रकार निवडा, नाहीतर ब्रेक उशिरा लागतात किंवा झटका देतात. चाकांचे नट ५० ते १०० मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा: फोर्डला १६५ पौंड-फूट, शेवरलेला १४०. अंदाजाने पाना मारून हे होत नाही.

आता जिथे खिशाला मोठी कात्री लागते ती जागा: डिझेलचा हाय प्रेशर पंप. फोर्डच्या ६.७ वर २०११ पासून बॉशचा सीपी४ आला. या पंपाला वंगण डिझेलचंच. अमेरिकेतलं कमी गंधकाचं डिझेल तसंही कोरडं, त्यात पाणी किंवा हवा शिरली की आतला रोलर आडवा फिरतो, कॅम घासला जातो आणि लोखंडाचा चुरा रेल, इंजेक्टर, टाकीपर्यंत पोचतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी इंधनाची लाइन बदलावी लागते. खर्च दहा हजार डॉलरच्या वर. रॅमने २०१९–२० मध्ये सीपी४ लावला, नंतर त्या गाड्या परत बोलावल्या आणि २०२१ पासून जुना भरवशाचा सीपी३ परत आणला. ड्युरामॅक्सला २०१७ पासून डेन्सोचा पंप आणि टाकीतच लिफ्ट पंप (मुख्य पंपाकडे डिझेल ढकलणारा) आहे, त्यामुळे या बाबतीत तिच्या मालकाला झोप शांत लागते. फोर्ड असेल तर तीन गोष्टी पाळा: फ्रेमवरच्या फिल्टरचं पाणी महिन्याला काढणं, दोन्ही फिल्टर १५,००० मैलांना बदलणं, आणि पाण्याचा दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणं. पंपातून निघणारा चुरा इंजेक्टरकडे न जाता परत टाकीकडे वळवणारा किटही बाजारात मिळतो, तो बसवलेला बरा.

कमिन्सचं दुखणं वेगळं. थंडीत हवा गरम करणाऱ्या ग्रिड हीटरचा बोल्ट जळून सैल होतो आणि इनटेकमधून सिलिंडरमध्ये पडतो, बहुधा सहाव्या. २०२५ च्या मॉडेलपासून हीटर जाऊन ग्लो प्लग आले. त्याआधीची गाडी असेल तर बोल्ट तपासून घ्या किंवा हीटरच बदला. एक मात्र सांगायला हवं: कमिन्सचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १९६२ मध्ये किर्लोस्करांसोबत पुण्यात कोथरूडला कारखाना सुरू झाला, आणि डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ ला आलेल्या ५.९ लिटरच्या बी सिरीजचे भाऊबंद जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटाच्या ट्रकांत गेले. हे इंजिन मुळात ट्रकचं आहे, आणि ओझं ओढताना ते कळतं.

ऑइल किती लागतं तेही बघून ठेवा: फोर्ड १३ क्वार्ट, रॅम १२, शेवरले १०. रॅमच्या व्हॉल्व्ह कव्हरवरचा क्रँककेस फिल्टर ६७,५०० मैलांना बदलायचा असतो. बरेच जण विसरतात. डीईएफ (धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण) उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं. टाकीत गोठलं तर गाडी स्वतःच वितळवते, पण हौद्यातला कॅन बर्फ झालेला सापडतो. साइटवर इंजिन तासन्‌तास नुसतं चालू ठेवू नका. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरतो, आणि टर्बोची हलणारी पाती काजळीत अडकतात. आठवड्यातून एकदा भरलेला ट्रेलर लावून हायवेवर अर्धा तास चालवली की रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जळून जाणं, पूर्ण होतं. एक्झॉस्ट ब्रेक नेहमी चालू ठेवला की पाती हलती राहतात.

रोज डोंगर असेल तर मी रॅम ३५०० घेईन, पण आयसिनचीच. त्या काळच्या २५०० मधला ६८आरएफई गिअरबॉक्स भरल्या ट्रेलरला कमजोर पडतो. सपाट टेक्सससारख्या भागात लांबचे पल्ले आणि ट्रेलर नसतानाही गाडीत बसायचं असेल तर शेवरले, कारण पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे पाठ दुखत नाही. जड फिफ्थ व्हील कॅम्पर (हौद्यात अडकवून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन चढावर वेग हवा असेल तर फोर्ड. वर्षातून दोनदा बोट ओढायची असेल तर डिझेलसाठी साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजू नका, पेट्रोल इंजिन पुरतं.

जुनी घेताना विक्रेत्यासमोर डिझेल फिल्टर उघडायला लावा आणि तळाचं डिझेल पांढऱ्या डब्यात ओता. चमचमणारे कण दिसले तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका. २०२०–२२ ची डिझेल शेवरले असेल तर दहा गिअरच्या बॉक्सचं २०२४ चं रिकॉल झालंय का ते व्हिन (चेसिस) नंबरवरून तपासा. त्यात कंट्रोल व्हॉल्व्ह झिजून मागची चाकं क्षणभर लॉक होण्याचा धोका होता. डीपीएफ काढून टाकलेली गाडी स्वस्त दिसते, पण ती बेकायदेशीर आहे.