सोडणं, तूस, जांभा आणि फुटकी कौलं: पडवीतल्या हायड्रोपोनिक्सचे नऊ महिने

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यावर भाजी वाढवणं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यासाठी पहिली बादली भरली होती, आता नागपंचमीही होऊन गेली. नऊ महिन्यांत पालक, पुदिना, कोथिंबीर, तुळस आणि हौस म्हणून लेट्यूस, एवढंच लावलं. टोमॅटोच्या वाटेला गेले नाही, तेव्हा पुढचं सगळं पालेभाजीपुरतं समजा.

मांडणी अगदी साधी आहे. घराला रंग दिल्यावर उरलेल्या २० लिटरच्या चार बादल्या, त्यांच्या झाकणांना भोकं, भोकांत आइस्क्रीमचे प्लास्टिकचे पेले आणि पेल्यांना सोल्डरिंगच्या सळईने पाडलेली छिद्रं. पंप नाही, वीज नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत. खताचं पाणी एकदाच भरायचं. रोप ते पीत जातं, पातळी उतरते आणि वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात. सासरे पहिल्या दिवशी बादलीत डोकावून म्हणाले, ‘‘माती नको, तर बी तरी कशाला हवं?’’

प्रश्न होता रोप धरून ठेवायला पेल्यात काय भरायचं याचा. व्हिडिओंमध्ये सगळे मातीच्या भाजलेल्या गोळ्या, परलाइट (तापवून फुगवलेले पांढरे हलके खडे) आणि रॉकवूल दाखवतात. आमच्या चिपळुणात चार दुकानं फिरले. एकाने विचारलं, ‘‘परलाइट कुठल्या किडीवर मारायचं?’’ रॉकवूलची तर गंमतच. ते बनतं बेसॉल्टसारखा दगड साधारण १५०० अंशांना वितळवून, त्याचे तंतू काढून. आपल्याकडचा सह्याद्री बेसॉल्टचा, आणि त्याची लोकर मागवायची कुरियरने! शेवटी गोळ्यांची दोन किलोंची पिशवी ऑनलाइन मागवली. ती अकरा पेल्यांत संपली. गोळ्या उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार बादल्यांना पुरतील इतक्या घ्यायच्या तर पालक सोन्याच्या भावाने पडला असता. मग घराच्या आसपास काय मिळतं ते पाहायला लागले.

कोकणात पहिलं नाव नारळाचंच. माडाच्या आळ्यात ओल धरायला पुरलेली जुनी, कुजत आलेली सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, उकरून काढली, लाकडी मोगरीने झोडपली आणि वाळूच्या चाळणीतून चाळली. एक अख्खा रविवार गेला आणि दीड बादली भुसा निघाला. दुसऱ्या रविवारी निमूटपणे नर्सरीतून कोकोपीटची, म्हणजे असाच भुसा दाबून केलेली, पाच किलोंची वीट आणली. पाण्यात टाकल्यावर ती फुगून पाटी, घमेलं, टब सगळं भरून वर उरली. घरी झोडपण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

पण वीट आणून काम संपत नाही, आणि इथेच मी पहिला मार खाल्ला. पाकिटावर ‘धुतलेलं’ असं छापलं होतं, म्हणून तसंच वापरलं. पंधरा दिवसांत लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घेऊन भुशातून निथळलेलं पाणी मोजलं तर १४०० च्या वर. आमच्या विहिरीच्या पाण्याचं रीडिंग ७० च्या आसपास असतं. भुशातला हा क्षार मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियमचा. साध्या पाण्याने पाच वेळा धुतल्यावर आकडा दीडशेवर आला, तरीही पानं पूर्ण सुधारली नाहीत. कारण भुशाच्या कणांना चिकटून बसलेलं सोडियम-पोटॅशियम नुसत्या पाण्याने सुटत नाही. ते सुटतं कॅल्शियम दिल्यावर. नाहीतर भुसाच द्रावणातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि रोप उपाशी राहतं. आता दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून भुसा रात्रभर भिजवते, सकाळी निथळून एकदा साध्या पाण्याने धुते. त्यानंतर कडा करपलेल्या नाहीत.

इतकं करूनही नुसत्या कोकोपीटचा पेला मला पटलेला नाही. तो तळापासून वरपर्यंत कायम ओला राहतो. थंडीत चाललं, पण पाऊस लागल्यावर वरच्या थरावर हिरवं शेवाळ आलं, बारीक काळी चिलटं झाली आणि पालकाचे देठ बुडाशी मऊ पडले. बी रुजवायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरं तूस. भाताच्या गिरणीवर गेलं की पोतं फुकट मिळतं, वर गिरणीवाले काका ‘‘अजून न्या’’ म्हणून मागे लागतात. तुसात चुकार दाणे राहतात, हे मला लावल्यावर कळलं. पेल्यांतून पालकाआधी भात उगवला, आणि पोत्याच्या वासाने पडवीत उंदीर आले. पुढच्या वेळी न्हाणीच्या चुलीवर पाणी उकळवून तूस त्यात बुडवून ठेवलं, तेव्हा दाणे मेले. त्याहून चांगला उपाय म्हणजे तूस जाळून काळं करणं. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा मध्ये, आत विस्तव, भोवती तुसाचा ढीग. काळं झालं रे झालं की पाणी मारायचं. पाच मिनिटं दुर्लक्ष झालं तर करडी राख होते आणि ती राख फार अल्कधर्मी. राखुंडीच्या जमान्यातल्या माणसांना हे नव्याने सांगायला नको. काळं तूसही धुवावं लागतं. माझ्या पहिल्या घाण्याच्या पाण्याचा पीएच ८.५ भरला होता. धुवून कोकोपीटमध्ये निम्मं-निम्मं मिसळलं की पेला हवेशीर होतो. एकटं तूस पाणी वर चढवत नाही, रोपं सुकतात.

चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चुरा हा माझा लाडका बेत होता. समोर घराचं काम चाललं होतं, गवंड्याने चिरे तासून ढीगभर तुकडे टाकले होते. जांभा सच्छिद्र, हलका, फुकट आणि आपला. सात वेळा धुतला तरी पाणी तांबडंच. तरी लावला. महिन्याभरात कोथिंबिरीची खालची पानं जांभळट झाली, वाढ खुंटली. वाचल्यावर उलगडा झाला, जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट धरून ठेवतं. खतातलं फॉस्फरस मुळांना मिळण्याआधी दगडच खात होता. जांभा भिंतीतच शोभतो, बादलीत नको.

काळ्या दगडाची बारीक खडी पुदिन्याला चालली. पुदिन्याला काय, काहीही चालतं. खडी जड असते, तिच्यात पाणी राहत नाही आणि एप्रिलच्या उन्हात ती तव्यासारखी तापते. घ्यायची असेल तर आधी मूठभर खडीवर व्हिनेगर किंवा लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर तिच्यात चुन्याचा अंश आहे आणि पीएच सतत चढत राहणार. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत बऱ्याचदा कॅल्साइटचे पांढरे खडे असतात, ते निवडून टाकावेत. फोमचे तुकडे बी रुजवायला ठीक आहेत, पण प्लास्टिकचे कण ताटात नकोत म्हणून सोडले.

आणि आता कौलं. गावात घरोघरी कौलं उतरवून पत्रे घालतायत, त्यामुळे फुटक्या मंगलोरी कौलांचे ढीग परसात पडलेले. कौल म्हणजे भाजलेली मातीच, आणि ऑनलाइनच्या गोळ्या म्हणजे तरी दुसरं काय? गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायचं, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. हरभऱ्यापासून बोराएवढे तुकडे ठेवायचे, भुकटी चाळून टाकायची. जुन्या कौलांवर शेवाळ असतं, म्हणून एकदा उकळत्या पाण्यातून काढायचे, मग रात्रभर भिजत. खापर स्वतः पाणी पितं, दोन तुकड्यांच्या मधे हवा राहते.

पण कौलांनीही एक दणका दिला. दुसऱ्या खेपेला एका बादलीचा पीएच ६ वरून ७.८ वर गेला आणि तुळशीची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लिंबू पिळून पीएच खाली आणावा तर दोन दिवसांत पुन्हा वर. शेवटी पेले उपसले तेव्हा सापडलं: त्यात कोन्याची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, कौलं फोडली गेली होती, आणि कोने बसवताना लावलेलं सिमेंट त्यांना चिकटलेलं होतं. तेव्हापासून कोने वेगळे काढते.

खताबद्दल थोडक्यात. सुरुवातीला कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९ वापरलं (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के). त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं. मातीतले जीवाणू ते रोपासाठी फोडून देतात, खापराच्या पेल्यात ते काम करायला फारसं कुणी नसतं. आता दहा लिटरला कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, १३:००:४५ चार ग्रॅम, ००:५२:३४ दोन ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं चिमूटभर. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून सगळ्यात शेवटी बादलीत ओतायचं. घट्ट द्रावणात ते बाकीच्यांना भेटलं तर तळाला पांढरा साका बसतो. छोट्या रोपांना यातलं निम्मंच.

बादलीच्या झाकणातल्या फटींवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावायला विसरू नका. जूनमध्ये मी विसरले, आणि चौथ्या बादलीत डासांच्या अळ्या वळवळताना नवऱ्याने दाखवल्या. ती बादली उपसून टाकली, घरातली बोलणी खाल्ली ती वेगळी.

सध्या चारही बादल्यांत एकच रीत आहे. बी धुतलेल्या कोकोपीटच्या लिंबाएवढ्या गोळ्यात रुजवायचं, चार पानं आली की तो गोळा पेल्यात ठेवून भोवती कौलाचे तुकडे. पहिले आठ-दहा दिवस पेल्याचं बूड पाण्याला टेकलेलं हवं, नाहीतर रोप सुकतं. पुढे मुळं आपली आपण खाली उतरतात. ऑनलाइनच्या गोळ्यांचे अकरा पेले शेजारीच आहेत. पालकाच्या वाढीत मला तरी दोन्हींत फरक दिसला नाही. गोळ्या धुवायला सोप्या आणि वजनाला हलक्या, एवढंच. लेट्यूस मात्र श्रावणाच्या अंधारात दोऱ्यासारखं लांबलं. तिथे पेल्यात काय आहे याने काही फरक पडला नसता.

कौलाचे वापरलेले तुकडे मुळं काढून, उकळून दोनदा परत वापरलेत. खालच्या आळीतल्या एका घराची कौलं दिवाळीनंतर उतरणार आहेत. चार टोपल्या सांगून ठेवल्यात, कोने सोडून.