परसात काय पेरावं: तेरडा, कवला की कळलावी?

कोकणात घराभोवती दोन-चार गुंठे मोकळी जागा असेल आणि तिथे रानफुलं हवी असतील, तर बियाणं निवडताना घाई करू नका. ‘रानफुलांचं मिश्रण’ असं लिहिलेलं एक पाकीट मीही एकदा आणलं होतं. उगवलं काय, तर कॉसमॉस आणि झिनिया. दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. आषाढातल्या पावसात कॉसमॉस आडवा झाला, झिनियाच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले. हाच पिवळा कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर मोकाट पसरलाय. पाकिटावर झाडांची नावं नसतील तर ते घेऊच नका.

आपल्या मातीतली तीन नावं मी विचारात घेईन.

पहिला तेरडा. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जमिनीत तो आनंदाने वाढतो, अर्ध्या सावलीतही फुलतो. आंब्याच्या कडेला, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे माझ्याकडे गुडघाभर उंच झालाय. जूनमध्ये उगवला की भाद्रपदात गुलाबी फुलांनी भरतो, म्हणून तर गौर तेरड्याची आणतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे एका फुलाचं झालं. ताटवा महिनाभर तरी फुलत राहतो. फक्त पाणी साचून राहिलं की खोड बुडाशी कुजतं, म्हणून उताराची जागा द्या. बागेत लावतात तो दुहेरी पाकळ्यांचा तेरडाही ह्याच जातीचा, पण मला रानातला एकेरीच हवा. त्याच्या फुलामागच्या बारीक शेपटीत मध असतो आणि फुलपाखरांना तिथवर सहज पोचता येतं.

कवला वेगळ्या जागेचा. त्याला डोक्यावर उघडं आभाळ आणि ओलसर गवताळ जमीन लागते. सावलीत पेरलात तर बी फुकट. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, त्यावरून मुलं त्याला मिकी माउसचं फूल म्हणतात. शेंगवर्गातला असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. जांभ्याच्या हलक्या मातीला ह्याचा फार उपयोग. ह्याच कुळातल्या एका कवल्याची कोवळी पानं रानभाजी म्हणून खातात. मात्र बियांचं कवच कठीण असतं. पेरण्याआधी बी वाळूत घोळून हलकं घासलं नाही, तर थोडंच उगवतं.

कळलावी दिसायला सगळ्यांत देखणी. पानाच्या टोकाने कुंपणाला धरत चढते, आणि फूल आधी हिरवट-पिवळं, मग केशरी, मग लालभडक होतं. पण बियांपासून फुलायला तीन-चार पावसाळे जातात. शिवाय सगळं झाड विषारी आहे, कंद तर सर्वांत जास्त. नांगरासारखा दिसणारा हा कंद सुरणा-करांद्यांच्या वाफ्याजवळ कधीही लावू नका. घरात लहान मूल किंवा गुरं असतील, तर मी कळलावीला स्पष्ट नाही म्हणेन.

सोनकी आणि कारवी मनात असतील तर त्यांना सह्याद्रीवरच राहू द्या. सोनकीला डोंगरमाथ्याची गार हवा मानवते, आणि कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. कास पठारावरून बी आणण्याचा विचारही नको. ते पठार 2012 पासून जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथलं प्रत्येक बी तिथलंच आहे.

म्हणजे पहिल्या वर्षी सावलीकडे तेरडा, उघड्यावर कवला. बी विकत घेण्यापेक्षा गावातच मागा. ज्यांच्या परसात तेरडा आहे ते नाही म्हणणार नाहीत. बोंडं फिकट हिरवी, फुगलेली दिसली की मुठीत धरून अलगद दाबा. टचकन फुटतात, साल गुंडाळली जाते आणि तपकिरी बिया तळव्यावर आपटतात. मूठ सैल असेल तर सगळ्या अंगणभर उडतात. त्या सावलीत आठवडाभर वाळवून कागदाच्या पुडीत, चुलीच्या कोरड्या राखेत घालून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या माझ्या बियांना दिवाळीपर्यंत बुरशी आली होती. मेअखेरीस माती खुरप्याने नुसती खरवडायची, बी वाळूत मिसळून भुरभुरायचं आणि वर माती लोटायची नाही. पहिला पाऊस ते आपसूक दाबून बसवतो.