वायफायचा पॉवर अँप्लिफायर: चिपमधला पुरेल की बाहेरून लावायचा?

बॅटरीवर चालणारं वायफाय उपकरण बनवत असाल, तर डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा डीबीएमचा (पॉवर मोजायच्या एककाचा) मोठा आकडा आधी बाजूला ठेवा. सेल उतरल्यावरही सिग्नल न बिघडवता अँप्लिफायर, म्हणजे अँटेनाकडे जाणारा सिग्नल वाढवणारा भाग, किती पॉवर देतो, ते बघा.

लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, संपत आला की ३च्या आसपास. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून थेट सेलवर जोडलेल्या अँप्लिफायरची कमाल पॉवर तेवढ्यातच निम्मी होते. त्यातून ओएफडीएम (वायफायची अनेक लहरींवर एकत्र डेटा पाठवायची पद्धत) सिग्नलची शिखरं सरासरीच्या जवळपास दहापट उंच. सरासरी १०० मिलिवॉट हवी, तर क्षणभर १ वॉट पेलता आला पाहिजे. टेबलावर सप्लाय हळूहळू खाली आणून पाहा: मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ६४ क्वामचे (सिग्नलच्या ६४ वेगळ्या अवस्थांतून डेटा पाठवण्याचे) आठ बाय आठ ठिपके आधी रांगोळीसारखे रेखीव दिसतात आणि मग सगळेच एकदम फिसकटायला लागतात. ५४ एमबीपीएसला ईव्हीएम (ठिपके जागेवरून किती सरकले त्याचं माप) −२५ डीबी किंवा त्याहून चांगला लागतो, २५६ क्वामला −३२.

सीमॉस (नेहमीच्या सिलिकॉन चिपचं तंत्र) अँप्लिफायर मुख्य चिपमध्येच असतो. ईएसपी३२ या वायफाय चिपची डेटाशीट ८०२.११बी या जुन्या, संथ वायफाय प्रकाराला १९.५ डीबीएम सांगते, पण नंतरच्या ११एनच्या एमसीएस७ या वेगवान पातळीला १४. म्हणजे ८९ मिलिवॉटवरून थेट २५वर! चिपचा करंट मात्र २४० मिलिअँपिअरवरून १८०पर्यंतच उतरतो. तरीही सेन्सर, मीटर, घरातले स्विच यांच्यासाठी मी हाच घ्यायला सांगेन. थोडा डेटा पाठवून झोपी जाणाऱ्या उपकरणाला बाहेरच्या अँप्लिफायरची जागा आणि खर्च परवडत नाही.

कॅमेऱ्यासारखं सतत डेटा पाठवणारं काही असेल, तर बाहेरून लावायचा गॅलियम आर्सेनाइड एचबीटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) अँप्लिफायर. पॉवर स्वच्छ मिळते, ताणही चांगला सोसतो. अडचण बायसची, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू ठेवणाऱ्या व्होल्टेजची आहे. त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे १.३ व्होल्ट, नेहमीच्या बायस सर्किटमध्ये असे दोन टप्पे एकावर एक येतात, म्हणजे २.६ तिथेच गेले. थंडीत आणखी थोडे जातात. म्हणून डेटाशीटमध्ये रेफरन्स व्होल्टेजची (बायस सर्किटला द्यायच्या स्थिर व्होल्टेजची) ओळ शोधा. तिथे २.८ किंवा जास्त लिहिलं असेल, तर ३ व्होल्टवर आलेल्या सेलमधून रेग्युलेटरला काम करायला जागा फारशी उरत नाही.

सिलिकॉन जर्मेनियमच्या अँप्लिफायरला हेच व्होल्टेज ०.८च्या आसपास पुरतं, आणि कंट्रोल सर्किटही त्याच चिपवर बसतं. ब्रेकडाउन (ट्रान्झिस्टर निकामी होण्याआधी सोसतो ते व्होल्टेज) मात्र कमी. हातात धरायचं उपकरण असेल, तर बोटांनी अँटेना झाकली गेल्यावर परत येणारी पॉवर तो सोसतो का, हे विचारूनच घ्या.

५ व्होल्टचा अँप्लिफायर भिंतीतून वीज घेणाऱ्या राउटरला शोभतो. १ वॉटच्या शिखरासाठी ५ व्होल्टवर साडेबारा ओहमचा लोड लागतो, ३.३वर साधारण साडेपाच. अँटेना ५० ओहमची असल्याने ५ व्होल्टला मॅचिंग (लोड अँटेनाशी जुळवणं) नक्कीच सोपं जातं. पण एका सेलवर त्यासाठी बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) घालावा लागतो, आणि त्याचा ऊर्जेचा तोटा आणि विद्युत नॉइज दोन्ही गळ्यात पडतात.

रेंज कमी पडते म्हणून अँप्लिफायर बदलायला निघाला असाल, तर आधी अँटेनाजवळचं तांबं आणि सेल दूर सरकवून पुन्हा मोजा.