रूट 66 वरचा 'नवाहो' हार

2026 मध्ये रूट 66 या अमेरिकेतल्या प्रसिद्ध जुन्या महामार्गाला शंभर वर्षं पूर्ण होतात. म्हणजे शिकागो ते सँटा मोनिका, निदान त्यातला एखादा टप्पा तरी करायला आपली बरीच मंडळी निघणार. अमरिलोजवळ जमिनीत नाक खुपसून उभ्या असलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या बघा, ओटमनमध्ये भर रस्त्यात फिरणारी गाढवं बघा. पण न्यू मेक्सिको-ॲरिझोनात पिरोजाचे दागिने घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा.

अल्बुकर्कीहून आम्ही पश्चिमेला निघालो होतो, बरोबर सासूबाई. वाटेत 'ट्रेडिंग पोस्ट'ची भली मोठी पाटी आणि खाली '70 टक्के सूट'. आत काचेच्या कपाटांत निळेशार हार. विक्रेता बोलायला मोठा गोड. हार गॅलपजवळच्या एका नवाहो (अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात) आजींनी हाताने घडवलाय, चांदी अस्सल, खडा ॲरिझोनाच्या खाणीतला. छापील किंमत 600 डॉलर, आम्हाला 180. सासूबाईंनी हार तळहातावर तोलून पाहिला. "अगं, हलका वाटतोय गं." त्यावर 'जुनी घडण अशीच असते' हे उत्तर तयारच होतं.

घरी आल्यावर महिन्याभरात कड्या पिवळट पडल्या. दागिने दुरुस्त करणाऱ्याकडे नेला तर त्याने कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेतलं आणि खड्याची मागची बाजू घासली. बोळा निळा झाला, खड्यावर पांढरा डाग उमटला. रंगवलेला हाउलाइट, म्हणजे एक पांढरा, स्वस्त खडा! धातू निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी गुंजभरही नाही. (हा प्रयोग घरी करू नका, खऱ्या पिरोजाची वाट लागू शकते.)

हा धंदा जुनाच आहे. दुसऱ्याने बनवलेला माल नेटिव्ह अमेरिकन कारागिरांचा म्हणून विकणं 1990 च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टखाली (इथे 'इंडियन' म्हणजे नेटिव्ह अमेरिकन) गुन्हा आहे. फिलिपिन्समध्ये बनवून घेतलेले दागिने असेच खपवल्याबद्दल न्यू मेक्सिकोत खटले झालेत, शिक्षाही झाल्यात. यात खरा मार बसतो तो नवाहो, झुनी, होपी कारागिरांना. हाताने केलेल्या कामाची किंमत ते या मालाच्या भावात लावणार तरी कशी?

आमच्या पावतीवर होतं काय, तर 'नेकलेस, ब्लू'. बस्स. तोंडी सांगितलेल्यातलं एक अक्षरही नाही. तेव्हा कारागिराचं नाव, त्याची जमात, धातू आणि खडा नैसर्गिक आहे की प्रक्रिया केलेला, हे सगळं पावतीवर लिहून मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला की निघा. 'नेटिव्ह स्टाइल' लिहिलं असेल तर ते नुसतं घाटाचं वर्णन समजा. सँटा फेला जाणार असाल तर पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत कारागीर स्वतः माल मांडून बसतात, तिथे घ्या.

आमचं नशीब की नवऱ्याने दुकानात काढलेल्या फोटोत हाराची 'नवाहो हँडमेड' चिठ्ठी स्पष्ट दिसत होती. तो फोटो आणि दुरुस्तीवाल्याचं लेखी मत कार्डाच्या बँकेला पाठवलं, पैसे परत मिळाले. तक्रार इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड या अमेरिकी सरकारी मंडळाकडेही केली आहे, त्यांचं उत्तर अजून यायचंय. गेल्या महिन्यात एक मैत्रीण त्याच रस्त्याने गेली. दुकान जोरात चालू आहे म्हणे, आणि सूट आता 75 टक्के.