चिझिक पार्क स्टेशनसमोरचं रान

लेकीकडे लंडनला आले की माझ्या बऱ्याच सकाळी गनर्सबरी ट्रायँगल नावाच्या छोट्याशा राखीव रानात जातात. डिस्ट्रिक्ट लाइनच्या चिझिक पार्क स्टेशनातून बाहेर पडलं, रस्ता ओलांडला की फाटक. तिकीट नाही. आत सुमारे अडीच हेक्टर जागा, म्हणजे आमच्या वाळव्याकडच्या हिशेबाने सहा एकर आणि वर थोडे गुंठे.

रेल्वेरुळांच्या त्रिकोणात सापडलेली ही जमीन. पूर्वी इथे लोक भाजीपाला लावायचे. ते थांबलं आणि बर्चचं रान आपोआप वाढलं. पुढे जागा बांधकामाला जाणार असं दिसल्यावर आजूबाजूचे रहिवासी उभे राहिले. 1983 साली जाहीर चौकशी झाली, निकाल रानाच्या बाजूने लागला आणि 1985 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. व्यवस्था लंडन वाइल्डलाइफ ट्रस्टची, पण हातात विळा-दाताळं घेतलेली माणसं बहुतेक स्वयंसेवक.

बर्चची साल पांढरी, कागदासारखी सुटणारी. पहिल्यांदा हात लावला तेव्हा अंगावर काटा आला. अहो, हा तर आपला भूर्ज! ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या, त्या हिमालयातल्या झाडाचा हा भाऊबंद. ‘बर्च’ आणि ‘भूर्ज’ हे शब्दही एकाच मुळातून आलेले.

उन्हाळा सरता सरता इथे गवताची कापणी असते. मी शेतकऱ्याच्या घरातली, तेव्हा मीही दाताळं मागून घेतलं. कापलेलं सगळं गवत ओढून बाहेर काढायचं, काडीही मागे ठेवायची नाही. मला ते पटेना. आम्ही पाचट कुजवून रानाला परत देतो, आणि इथे हे उचलून नेतात? शेजारच्या आजोबांनी समजावलं: गवत जागेवर कुजलं तर जमीन सकस होते, मग दांडगं गवत माजतं आणि नाजूक रानफुलं दबून जातात. फुलं गेली की फुलपाखरंही जातात. जमीन हलकी राहावी म्हणून एवढे कष्ट! आयुष्यभर जमीन कसदार करण्यात गेलं, त्यामुळे त्या दिवशी खरंच नवं काही शिकले. काटेरी ब्लॅकबेरी तर आपल्याकडच्या घाणेरीसारखी पसरते. ती दरवर्षी मागे हटवली नाही तर कुरण काही वर्षांत झुडपांखाली जाईल.

आम्ही गवत ओढत होतो तेव्हा एक रॉबिन पायाशी येऊन उघड्या पडलेल्या मातीतले किडे टिपत होता. नांगरामागे बगळे चालतात ना, अगदी तसा.

पावसानंतर वाटा निसरड्या होतात, तेव्हा चांगले बूट घाला. गाड्यांचा खडखडाट सतत असतो. पक्ष्यांना त्याची सवय आहे, तुम्हालाही होईल. पाळणे-घसरगुंड्या नाहीत. तरी नातवंडांना मार्चमध्ये जरूर न्या. तळ्याच्या काठाशी बेडकांच्या अंड्यांचे गोळे तरंगतात, भिजवलेल्या सब्जासारखे.