बाळंतपण माहेरी, सासरी की आपल्याच घरी?

सातवा महिना लागला की घरात प्रश्न फिरू लागतो: न्यायला कधी येणार? दवाखाना किती लांब, आईचे गुडघे कसे आहेत, रिझर्व्हेशन मिळेल का, सगळं बोललं जातं. रात्री तीनला बाळ कोणाच्या खांद्यावर असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रसूतीनंतरचं नैराश्य टाळायचं तर पहिला प्रश्न तोच.

हे दुखणं दुर्मिळ नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली आला, त्यात प्रमाण २२ टक्के निघालं. गोव्यातल्या २००२ च्या अभ्यासात ते २३ टक्के होतं. पैशाची ओढाताण, नवरा-बायकोतला बेबनाव आणि मुलगाच हवा हा हट्ट, ही कारणं तिथे ठळक दिसली. म्हणून जागा निवडताना आधाराचे दोन भाग पाडून बघा: कामाला हात किती आणि ऐकायला कान किती.

माहेर

इथे सहसा दोन्ही मिळतात, म्हणून बहुतेकींनी पहिली पसंती माहेरालाच द्यावी. "मला झोपायचंय" म्हणायला संकोच नसतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिशवाली बाई हे ओघाने येतंच. पण रात्रीचा हिशोब करून बघा. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं यात एका खेपेला पाऊण-एक तास जातो. बाळंतिणीला सलग दीड तास डोळा लागला तरी खूप. यावर उपाय एकच: तिने फक्त पाजायचं. पाजून झालं की बाळ दुसऱ्याच्या खांद्यावर आणि ती कुशीवर वळून झोपणार. हा दुसरा माणूस म्हणजे साठीची आई एकटीच असेल, तर दहाव्या दिवशी तीही आडवी होते. वडील, भाऊ यांच्या पाळ्या आधीच लावा. ढेकर काढायला बाईच लागते असं कुठे आहे?

सव्वा महिन्याची विश्रांती चांगलीच. मात्र दार-खिडक्या लावून, फोन काढून घेऊन तिला खोलीत ठेवलं, तर तो एकांतवास होतो.

माहेरची खरी गोम नंतर कळते. नवरा रविवारी पाहुण्यासारखा येतो आणि बाळ हाताळायला शिकतच नाही. मग तिसऱ्या महिन्यात पाठवणी झाली की सगळा आधार एका दिवसात तुटतो. नैराश्य तर पहिल्या वर्षात केव्हाही डोकं वर काढू शकतं.

सासर

नवरा रोज हाताशी असतो, हा मोठा फायदा. पण पुष्कळ घरांत हात चार असतात, कान एकही नसतो. पाहुणे आले म्हणून पाचव्या दिवशी चहाला उठणारी बाळंतीण आणि वर "दूध पुरत नाही वाटतं बाळाला" हे ऐकणारीही तीच. कसोटी साधी आहे. गरोदरपणात "आई, आज माझ्याच्याने होत नाही" हे तुम्ही सासूबाईंना स्वतः सांगू शकलात, तर सासर निर्धास्त निवडा. दर वेळी नवऱ्याकरवी सांगावं लागलं असेल, तर नको.

आपलं घर

टोमणे नाहीत, पण माणसंही नाहीत. मालिश-अंघोळीची बाई दोन तासांत जाते, रात्र तशीच उरते. केंद्र सरकारी नोकरीत बाळाच्या वडिलांना १५ दिवस रजा मिळते. खासगी नोकरीत कंपनी देईल तेवढी. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात माणसांची गर्दीच असते, त्यामुळे सगळी रजा तिथे संपवू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी, पाहुणे ओसरल्यावर, हक्काची रजा राखून ठेवा.

एका परिस्थितीत मात्र ही तुलना बाजूला ठेवा. आधी नैराश्य येऊन गेलं असेल किंवा औषधं चालू असतील, तर तुमचे डॉक्टर जिथे आहेत तिथेच बाळंतपण करा आणि आईला तिकडे बोलवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत.

कुठेही राहा, लक्ष ठेवण्याचं काम एका माणसाकडे नेमून द्या. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांचा भर बाळावर असतो, बाळंतिणीच्या मनाचं आपणच विचारायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर प्रसूतीनंतरचं नैराश्य चाचपणारी एडिंबरो प्रश्नावली भरा: १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १३ किंवा जास्त आली तर डॉक्टर गाठा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिनही तपासून घ्या. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. रात्रभर झोप नाही तरी थकवा नाही, भलते संशय, कानात आवाज, असं दिसलं तर थेट इस्पितळात न्या, अंगारे-धुपारे करत बसू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आमचा कौल मिश्र सोयीला: प्रसूती आणि पहिले सहा आठवडे माहेरी, त्यातले दोन आठवडे नवरा तिथेच, रात्रीच्या पाळीसह. परतताना आईने आठ-दहा दिवस सोबत जावं. पाठवणी शुक्रवारी ठेवा, म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी असेल तर पहिल्या दोन रात्री नवऱ्याला सकाळचं ऑफिस नसतं.