पाठीत स्टिम्युलेटर, हातात एमआरआयची चिठ्ठी: एमआरआय, सीटी की मशीन काढणं?

नागपूरच्या धंतोलीत मी एमआरआय काढायचं काम करतो. फॉर्मवर प्रश्न असतो, अंगात काही मशीन बसवलंय का? पेसमेकरवाले आपणहून सांगतात. पाठीत स्टिम्युलेटर, म्हणजे दुखणं कमी करायला मज्जारज्जूला हलकी वीज देणारं मशीन, असलेले मात्र हमखास विसरतात. चंद्रपूरहून आलेल्या एका काकांना टेबलावर झोपवताना कमरेच्या वरचा टणक फुगवटा हाताला लागला, तेव्हा कुठे कळलं. स्कॅन थांबवला तर काका भडकले, "काहून थांबवता जी? मागच्या साली गुडघ्याचा काढला, काही झालं नाही!"

झालं नाही, कारण नशीब. स्टिम्युलेटरची बॅटरी कमरेत असते आणि तिथून निघालेल्या तारांची टोकं मज्जारज्जूच्या आवरणालगत. एमआरआयच्या रेडिओ लहरी या तारा अँटेनासारख्या पकडतात आणि ती ऊर्जा टोकाशी उष्णता होऊन बाहेर पडते. भाजण्यासाठी याहून वाईट जागा शरीरात क्वचितच सापडेल. याशिवाय स्टिम्युलेटर बिघडू शकतो, झटके बसू शकतात.

आता पर्याय. बहुतेकांच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो तो एमआरआय मशीनचा: दीड टेस्ला की तीन? (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप.) रामदासपेठेतल्या एखाद्या सेंटरची तीन टेस्लाची जाहिरात पाहून लोक तिकडे वळतात, तर कुणी "ओपन एमआरआय कमी ताकदीची, म्हणून सुरक्षित" म्हणून तिकडे. दोन्ही अंदाज चुकीचे. दीड टेस्लाच्या लहरी साधारण 64 मेगाहर्ट्झच्या, तीनच्या 128. शरीरात पहिल्यांची लांबी जवळपास अर्धा मीटर, दुसऱ्यांची त्याच्या निम्मी. तार किती तापेल हे तिची लांबी, तिचा मार्ग आणि या लहरींची लांबी यांच्या मेळावर ठरतं. त्यामुळे दीडवर तपासलेलं उपकरण तीनवर चालेलच असं नाही, आणि कमी ताकदीच्या मशीनवर कंपनीने तपासलंच नसेल तर तिथेही परवानगी नाही. बऱ्याच स्टिम्युलेटरांना परवानगी आहे ती दीड टेस्लाची. स्टिम्युलेटर बसवताना मिळालेल्या कार्डावर तेवढंच असेल तर तीन टेस्लाचा सुबक फोटो तुमच्या कामाचा नाही.

कार्डावर पिवळा त्रिकोण असेल तर अर्थ 'अटींसह चालेल'. हिरवा चौकोन म्हणजे बिनधास्त, पण तो स्टिम्युलेटरवर दिसणार नाही. लाल वर्तुळावर तिरपी रेघ म्हणजे विषय संपला. पिवळ्यातही दोन जाती. काहींना पूर्ण शरीराची परवानगी असते. मेडट्रॉनिकच्या अशा पहिल्या उपकरणाला अमेरिकेत 2013 साली मंजुरी मिळाली. काहींना फक्त डोकं किंवा हातपाय, आणि यातच खरी गोम आहे. 'फक्त डोकं' वाचून लोक निश्चिंत होतात. पण बऱ्याच मशीनांत डोक्यावर बसवलेली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, नुसती सिग्नल घेते. लहरी सोडते ती बोगद्यातली मोठी कॉइल, म्हणजे त्या पाठीपर्यंतही पोहोचतात. 'फक्त डोकं' वाल्या उपकरणाला लहरी स्वतः सोडणारी आणि स्वतःच घेणारी डोक्याची कॉइल लागते. ती प्रत्येक सेंटरकडे नसते. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा.

सीटीचं गणित सोपं आहे. हाड मोडलंय का, मेंदूत रक्तस्राव आहे का, मूतखडा, छाती, यासाठी सीटी पुरेसा, बऱ्याचदा सरस. आधी स्टिम्युलेटर बंद करायला सांगतात, कारण क्ष-किरण थेट बॅटरीवर पडले तर क्षणभर झटका जाणवू शकतो. धातूमुळे चित्रात पट्टे येतात, किरणोत्सर्ग आहेच. मज्जारज्जू दबलाय का हे पाहायचं असेल तर पाठीत सुईने औषध सोडून सीटी मायलोग्राम करतात. सुईची भीती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागणं, नंतर डोकेदुखीची शक्यता, हे सगळं धरूनही अडलेल्या वेळी तो कामाला येतो. मणक्यातला सुरुवातीचा संसर्ग किंवा मज्जारज्जूच्या आतली सूज मात्र सीटीला नीट दिसत नाही. तिथे एमआरआयला तोड नाही.

तिसरा मार्ग, मशीन काढून टाकणं. ऐकायला स्वच्छ, प्रत्यक्षात ऑपरेशन: भूल, संसर्गाचा धोका, आणि नंतर दुखणं परत. सुईतून घातलेल्या बारीक तारा त्यातल्या त्यात सहज निघतात. पट्टीच्या आकाराच्या तारा काढायला मणक्याला पुन्हा हात लावावा लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरी काढायची आणि तारा तशाच ठेवायच्या. लोकांना वाटतं बॅटरी गेली, धोका गेला. उलट अशा बेवारस तारांमुळे एमआरआयची परवानगीच बहुधा जाते.

माझं मत विचाराल तर: पूर्ण शरीराची परवानगी असेल, सगळे सुटे भाग एकाच कंपनीचे आणि शाबूत असतील, तर दीड टेस्लावर एमआरआय काढा, घाबरू नका. कार्ड नाही, जुनं मॉडेल किंवा मिश्र भाग असतील तर आधी सीटीने उत्तर मिळतं का ते डॉक्टरांना विचारा. स्टिम्युलेटर काढून टाकायचा विचार तेव्हाच, जेव्हा एमआरआयवाचून इलाज अडलाय किंवा स्टिम्युलेटरने तसाही आराम पडत नाहीये. ज्यांना अजून बसवायचा आहे त्यांनी सर्जनला लेखी विचारून घ्यावं: या तारा आणि ही बॅटरी, दोन्ही मिळून, कुठल्या भागाला परवानगी? आणि ट्रायलच्या, म्हणजे कायमचा बसवण्याआधी तात्पुरता लावून पाहतात त्याच्या, आधीच पाठीचा एक एमआरआय काढून ठेवावा.

एमआरआय ठरलाच तर कार्ड आणा, फोटो नको. तारा शाबूत आहेत का ते प्रोग्रॅमरवर, म्हणजे स्टिम्युलेटर सेट करायच्या यंत्रावर, तपासायचं असतं, स्टिम्युलेटर एमआरआय मोडवर टाकायचा असतो; ते करणारा माणूस कोणत्या दिवशी येणार ते विचारून मगच तारीख घ्या. गडचिरोलीहून एसटीने येऊन परत जायची वेळ यायला नको. बॅटरी चार्ज करून या. ताप असेल तर पुढे ढकला. गुंगीचं औषध शक्यतो नको. पाठीत गरम लागलं तर सांगता आलं पाहिजे. रिमोट आणि चार्जर बाहेर, कारण चुंबक चोवीस तास चालू असतं. 2018 साली मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेल्या तरुणाचा जीव गेला, तो याच चुंबकामुळे.

काकांचं कार्ड शेवटी घरच्या रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं. तारा एका कंपनीच्या, नंतर बदललेली बॅटरी दुसरीची. त्यांचा सीटी मायलोग्राम झाला.